पार्श्वभूमी: आल्तिनोवरचं आर्ट कॉलेज आणि ‘कला’ या शब्दाचा घोळ

बारावीचा निकाल लागला की दर वर्षी कुणीतरी विचारतंच, पोराला आर्ट कॉलेजला घालायचंय, टक्के किती लागतात. दोन मिनिटं बोलल्यावर कळतं की त्यांना चित्रकलेचं कॉलेज नाही, बीए म्हणायचं असतं. चूक त्यांची नाही. मराठीत आर्ट पण कला आणि आर्ट्स पण कला, त्यामुळे ‘कला महाविद्यालय’ असं पेपरात छापून आलं की निम्मे लोक इतिहास-अर्थशास्त्रवालं समजतात. त्यात पणजीत काम्पालला कला अकादमी आहे, तिथे संगीत, नाटक, नाच. २०२३ च्या पावसात तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं तेव्हा मुंबईहून एकाचा मला फोन, ‘तुमचं आर्ट कॉलेज पडलं म्हणे!’ नाही बाबा, ते वर टेकडीवर आहे, उभं आहे.

तर पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचं हे चित्रकलेचं कॉलेज, म्हणजे गोवा कॉलेज ऑफ आर्ट, १९७२ सालचं. मला स्वतःला त्यातला सगळ्यात जास्त माहीत असलेला काळ म्हणजे ८० चं दशक आणि ९० चा पूर्वार्ध, कारण तेव्हा मी पणजीत एका प्रेसमध्ये होतो आणि तिथली मुलं आर्टवर्क घेऊन आमच्या काउंटरला यायची. त्यामुळे पुढे त्या वर्षांचं जरा जास्त होणार, आधीच सांगून ठेवतो.

पोर्तुगीज इथे १५१० ते १९६१. एवढ्या साडेचारशे वर्षांत त्यांनी १८४२ ला मेडिकल स्कूल काढलं, १८५४ ला लिसेव म्हणजे हायस्कूल काढलं, तिथे ड्रॉइंग हा विषयही होता, पण चित्रकलेचं वेगळं कॉलेज काही काढलं नाही. चित्रं लागत नव्हती असं नाही. जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये व्हाइसरॉयांच्या मोठमोठ्या पोर्ट्रेटांची रांग आहे ना, ती सुरू झाली १५४७ च्या सुमाराला आणि रंगवणारा इथलाच एक माणूस होता असं तेव्हाच्या लेखनात आहे, फक्त त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. नंतर त्या पोर्ट्रेटांवर इतक्या वेळा रंग चढलाय की मूळचं त्याचं काय उरलं असेल देव जाणे. चर्चमधले कोरीव लाकडी अल्तार, देवळांच्या पालख्या, कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखेचं काम, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो खरवडून काढलेली कावी चित्रं, हे सगळं घराघरांतून बापाकडून पोराकडे गेलं. शाळा नव्हती त्याला.

किंवा होती. आपल्याकडे गणपती करतात त्या जागेला चित्रशाळाच म्हणतात की. पोरगं पहिल्यांदा नुसती माती मळतं, खडे वेचतं, मग साचा भरायला मिळतो, मग हातपाय जोडणं, मग पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगाचा रंग, आणि डोळ्यांची आखणी शेवटपर्यंत मुख्य माणसाकडे. डोळे आखायला मिळेपर्यंत कितीतरी चतुर्थ्या जातात. सिलॅबस म्हणून बघितलात तर अगदी पक्का आहे, वर परीक्षा दर भाद्रपदात आणि परीक्षक अख्खा गाव. मला नेहमी वाटतं की १९७२ च्या आधीच्या इतिहासात ह्या चित्रशाळांना एक ओळ देऊन लोक मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टकडे वळतात ते बरोबर नाही, पण आता मीही तेच करणार आहे.

कारण रीतसर शिकायचं तर मुंबईच गाठावी लागायची. जेजे १८५७ चं. तिथे शिकवणाऱ्यांतही एक गोंयकार होता, १९३५ ला वारला, त्याची ऑइल पोर्ट्रेटं आता पणजीतल्या फोंतेन्यसला बघायला मिळतात. सांत इस्तेवचा एक मुलगा डॉक्टरकी सोडून जेजेत गेला, तिथूनही उठून शांतिनिकेतनला गेला, परत येऊन त्याने साडी नेसलेली सायबीण (मदर मेरी) काढली म्हणून इथे लोक भडकले आणि मग त्याने बरंचसं आयुष्य पुण्यात काढलं. साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझाला जेजेने १९४५ ला काढून टाकलं आणि दोन वर्षांत त्याने मुंबईत नव्या चित्रकारांचा ग्रुप उभा केला, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून मराठी घराघरांत पोचलेला चित्रकार दीनानाथ दलाल, तोही मूळ गोव्याचाच. ह्या शेवटच्या माणसाचं नाव ‘गोव्याचे महान चित्रकार’ वगैरे यादीत नेहमी खाली किंवा नसतंच. का, तर तो छापायची चित्रं काढायचा. घोळाचं मूळ इथेच आहे आणि मला खरं बोलायचंय ते त्यावरच.

जेजेत १९३५ ला कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. जाहिरात, पोस्टर, लेबल, पुस्तकाचं कव्हर. पेंटिंगवाले त्याला धंदा म्हणायचे. पुढे ‘कमर्शियल’ शब्द फारच दुकानदारी वाटायला लागला म्हणून ‘अप्लाइड’ आलं आणि १९६१ ला ते सरळ वेगळं इन्स्टिट्यूटच झालं, म्हणजे ज्या वर्षी गोवा मोकळा झाला त्याच वर्षी मुंबईत पेंटिंग आणि अप्लाइडच्या चुली वेगळ्या झाल्या. अकरा वर्षांनी पणजीत कॉलेज आलं तेव्हा हे भांडण तयारच मिळालं, फरक एवढाच की इथे दोन इमारती कुठून आणणार, एकाच छपराखाली दोन्ही. आपल्याकडे मुख्य वाटा ह्या दोनच, पेंटिंग आणि अप्लाइड आर्ट. (शिल्पकलेत डिग्री हवी तर बरीच वर्षं बडोदा नाहीतर मुंबई. जिथे दर गावात मूर्ती घडते तिथे हे जरा गमतीचंच, पण असो.)

मराठीत मग काय करायचं? फाइन आर्टला ‘ललित कला’ हा शब्द आधीपासून होता, छान आहे, कानाला गोड आहे. अप्लाइडला ‘उपयोजित कला’ केलं. उपयोजित! गणिताच्या पुस्तकातला धडा वाटतो. कुणीही बोलताना तो वापरत नाही, मुलं अप्लाइडच म्हणतात, आईबाप अजूनही कमर्शियल म्हणतात. आणि सगळ्यात मजा सर्टिफिकेटवर. डिग्रीचं नाव बीएफए, म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट, आणि पुढे विषय अप्लाइड आर्ट. म्हणजे ललित कलेची पदवी, विषय ललित नसलेली कला. चार वर्षं ज्यांना ‘तुम्ही फाइन आर्टवाले नाही’ ऐकवलं जातं त्यांच्या हातात शेवटी फाइन आर्टचीच डिग्री पडते.

आणि हा नुसता शब्दाचा खेळ नाही. १९८७ ला तंत्रशिक्षणाचा केंद्रीय कायदा आला, त्यात तंत्रशिक्षण म्हणजे काय ह्याची यादी आहे. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, टाउन प्लॅनिंग, मॅनेजमेंट, फार्मसी, आणि शेवटी ‘अप्लाइड आर्ट्स अँड क्राफ्ट्स’. पेंटिंग त्या यादीत नाही. म्हणजे एकाच कॉलेजातला एक वर्ग दिल्लीच्या हिशोबाने इंजिनिअरच्या पंगतीत आणि समोरचा वर्ग नाही. आणि क्राफ्ट्स? क्राफ्ट यादीत आहे तर मग चितारी, कावीवाले, चित्रशाळा हे सगळं तांत्रिक बाजूला यायला हवं होतं, पण वर्गात लाकूड, लाख, चिकण माती ह्यांना तेवढी जागा कधीच मिळाली नाही. माझं मत विचाराल तर ही फाळणीच चुकीची होती, निदान गोव्यापुरती तरी. इथला माणूस देवळाची भिंत रंगवायचा तो ललित का उपयोजित हे त्याला विचारून बघा. मुंबईत जाहिरात कंपन्या होत्या, तिथे वेगळ्या विभागाला अर्थ होता, आपल्याकडे तेव्हा होतं काय, तर काजूची पाकिटं, फेणीची लेबलं आणि तियात्रांची, म्हणजे कोकणी नाटकांची, पोस्टरं.

पण त्या पोस्टरांचीच गोष्ट मला सांगायचीय. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, फाउंडेशन. ऑब्जेक्ट ड्रॉइंग, नेचर स्टडी, पर्स्पेक्टिव्ह, मेमरी ड्रॉइंग, टूडी-थ्रीडी डिझाइन, रंगांची चक्रं, लेटरिंग, थोडी माती, थोडं लिनोकट. बाहेर स्केचिंगला म्हणून ही पोरं पणजीच्या मार्केटात, बसस्टँडवर, बेतीच्या फेरीवर पॅड घेऊन बसलेली असायची आणि कोळणी त्यांना हाकलायच्या नाहीतर ‘म्हजें नाक इतलें व्हड?’ (माझं नाक एवढं मोठं?) म्हणून भांडायच्या. फोंतेन्यसचे पिवळे-निळे बाल्कांव (घरापुढचे सोपे) तर इतके काढलेत की ते आता स्वतःहूनच वॉटरकलरमध्ये दिसतात.

दुसऱ्या वर्षापासून वाटा फुटल्या की अप्लाइडवाले आमच्याकडे यायला लागायचे. पांढऱ्या बोर्डवर रोट्रिंग पेनने आखलेली चौकट, रबर सोल्यूशनने चिकटवलेलं ब्रोमाइड (जुळवलेल्या मजकुराचा फोटो-कागद), वरून ट्रेसिंग पेपरचा फ्लॅप आणि त्यावर पेन्सिलीने रंगाच्या सूचना. इंग्रजी अक्षरांना लेट्रासेट, घासलं की उतरलं. देवनागरीला मात्र आमच्या हाताशी तसलं काही नसायचं, ती हातानेच, फ्लॅट ब्रशने नाहीतर बोरूने. आणि इथे गोव्यातल्या पोराला मुंबईच्या पोरापेक्षा जास्त मेहनत, कारण तियात्राचं पोस्टर रोमी कोकणीत, म्हणजे रोमन अक्षरं, ठळक, तिरपी, चारपाच नटांचे फोटो गोलात, आणि जत्रेच्या नाटकाचं हँडबिल मराठीत, वर देवाचं नाव, खाली ‘कृपेकरून’. एकच पोरगं सकाळी हे करायचं आणि संध्याकाळी ते. शिरोरेषा सरळ आली नाही की आमचा म्हातारा कंपोझिटर चष्म्यावरून बघायचा आणि काही न बोलता बोर्ड परत सरकवायचा. मास्तरांपेक्षा ही पोरं त्याला जास्त घाबरायची.

१९८७ ला देवनागरी कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाला, त्याआधी आणि नंतर इथे काय काय झालं ते गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. ब्रश धरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर मराठी की कोकणी ह्याने लेटरिंगला काहीच फरक पडला नाही, लिपी तीच, ळ तोच, ण तोच. फरक पडला तो रोमीला, सरकारी पाट्यांवरून ती बाहेर राहिली आणि तियात्राच्या पोस्टरांवर मात्र जोरात चालू राहिली. त्याच १९८७ ला गोवा राज्य झालं, वर सांगितलेला तंत्रशिक्षणाचा कायदाही तेव्हाचाच, आणि कॉलेजात दहा वर्षं, म्हणजे १९७७ पासून, प्राचार्य असलेले मडगावचे मोठे चित्रकार लक्ष्मण पै हेही त्याच वर्षी पदावरून उतरले. १९५१ ते १९६१ ते पॅरिसला होते, पुढे २०१८ ला पद्मभूषण मिळालं, २०२१ ला गेले. त्यांच्या काळाला लोक सुवर्णकाळ म्हणतात. पेंटिंगवाले जास्त म्हणतात. नाव मोठं, त्यामुळे बाहेरच्या चित्रकारांच्या जगात पणजीचं नाव झालं हे खरंच, पण अप्लाइडच्या मुलाला त्या नावाचा किती उपयोग झाला ह्यावर आमच्या प्रेसमध्ये चहाला भांडणं व्हायची.

डिग्रीचं थोडक्यात. मुक्तीनंतर गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाकडे होती, १९८५ ला गोवा विद्यापीठ झालं आणि मग आर्ट कॉलेजची डिग्रीही इथलीच झाली. नंतर मास्टर्सही आलं.

९० च्या मध्यावर कॉम्प्युटर आला आणि दोनतीन वर्षांत सगळं पालटलं. कोरलड्रॉ, पेजमेकर, देवनागरी फॉन्टच्या फ्लॉप्या. आमचा कंपोझिटर घरी बसला. रोट्रिंगची निब सुकली. कॉलेजातलं लेटरिंग नावाला राहिलं असं म्हणतात, मी म्हणेन की नावापुरतं राहिलं तेच नशीब, कारण आता इतक्या वर्षांनी इन्स्टाग्रामवर त्याच कॉलेजातली पोरं बोरू धरून रील टाकतायत आणि त्याला कॅलिग्राफी म्हणून वर्कशॉपचे पैसे लागतायत.

२००४ ला इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, कायमचा गोव्यात आला, पणजीत दर नोव्हेंबरला सेट, गेट, पुतळे, सजावट ह्यांची कामं सुरू झाली. कार्निव्हल आणि शिगम्याचे चित्ररथ होतेच. २०१५ ला पिळर्णला एक खासगी म्युझियम उघडलं, २०१६ पासून डिसेंबरात मोठा आर्ट फेस्टिव्हल पणजीत भरायला लागला, आणि तो जिथे जिथे भरतो त्यातली एक जागा म्हणजे मांडवीच्या काठची जुनी जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत. १८४२ च्या मेडिकल स्कूलचाच तो वारसा, ज्या वॉर्डात खाटा होत्या तिथे आता इन्स्टॉलेशन (खोलीभर मांडलेली कलाकृती). इन्स्टॉलेशन ललित का उपयोजित हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

चतुर्थीच्या आधी महिनाभर मात्र ह्या कॉलेजातली काही पोरं पेडण्याला, म्हापशाला, फोंड्याला आपापल्या गावच्या चित्रशाळेत रंगाला बसतात, पेंटिंगची पण आणि अप्लाइडची पण. पीओपीवर गोव्यात बंदी आहे, त्यामुळे चिकण मातीचंच काम, आणि डोळे अजूनही त्यांना देत नाहीत.