कापूर उडतो, मीठ उडत नाही

कापराची डबी उघडी राहिली की काही दिवसांत वड्या झिजून लहान होतात. मीठ मात्र वर्षभर उघडं ठेवलं तरी पावसाळ्यात ओलं होईल, उडून जाणार नाही. पदार्थाच्या या उडून जाण्याच्या गुणाला रसायनशास्त्रात बाष्पनशीलता म्हणतात.

त्यासाठी उकळी यावी लागत नाही. द्रवातले सगळे रेणू सारख्या वेगाने हलत नसतात. पृष्ठभागावरचे काही वेगवान रेणू शेजाऱ्यांची पकड सोडवून साध्या तापमानालाही निसटतात. पकड जितकी ढिली, तितके जास्त रेणू निसटणार. रेणू हलका असला म्हणजे झालं, असंही नाही. पाण्याचा रेणू ॲसिटोनच्या रेणूच्या एक तृतीयांशाहूनही हलका. तरी नेलपॉलिश पुसायचं ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० अंशांना, कारण पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. मिठातले विद्युतभारित कण तर इतके जखडलेले, की ते उकळायला १४०० अंशांहून जास्त तापमान लागतं.

निसटणारे रेणू जाताना उष्णताही नेतात. इंजेक्शनआधी दंडाला लावलेलं स्पिरिट गार लागतं ते म्हणूनच.

मला या गुणाची सगळ्यात मोठी देणगी वाटते ती वासाची. नाकापर्यंत पोहोचतो तो पदार्थातून उडालेला रेणूच. शुद्ध मिठाला वास नाही, कारण त्यातून काही उडतच नाही. वेलचीचा घमघमाट सुटला, म्हणजे वेलचीतलं तेल तेवढं कमी झालं. कुटल्यावर पृष्ठभाग वाढतो आणि हे उडणंही वाढतं. त्यामुळे वेलची ऐनवेळी कुटावी आणि कोथिंबीर गॅस बंद करून घालावी, हा आपल्या स्वयंपाकघरातला रिवाज अगदी शास्त्रशुद्ध आहे. कनौजचे अत्तर करणारे तर हे उडणं लांबवतात. ते परंपरेने फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदनतेलाचे रेणू सावकाश उडतात आणि त्यांच्या सोबतीने गुलाब-मोगऱ्याचा वासही अंगावर रेंगाळतो.

कापरात मिरे घातले की तो उडत नाही, असं म्हणतात. माझ्या मते श्रेय घट्ट झाकणाचं. बंद डबीत थोडा कापूर उडाला की आतली हवा त्याच्या वाफेने भरते. मग जितके रेणू उडतात तितकेच वडीवर परत बसतात आणि वडी झिजायची थांबते.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र हाच गुण जिवावर बेततो. ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ रॉकेलवर जमायला साधारण ३५ अंशांच्या पुढचं तापमान लागतं. पेट्रोलवर ती शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही जमते, म्हणजे लडाखच्या हिवाळ्यातसुद्धा. म्हणून घरात पेट्रोल साठवू नये, बाटलीत तर नाहीच. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि लांब कोपऱ्यातल्या शेगडीपर्यंतही पोहोचू शकते.