दस्ता कापण्याआधी एकदा दुकानात या
(ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची शॉटगन, घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “भिया, बेरेटा घेऊ की ब्राउनिंग?” दुसरा पंधरा दिवसांनी येतो: “दस्ता जरा लांब वाटत होता, घराजवळच्या सुताराकडून कापून घेतला. आता क्लेच फुटत नाहीत, काय करता येईल?” पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दोन्ही चांगल्या. दुसऱ्यापायी हे पत्रक छापावं लागलं.

तुम्ही रेंजवर दोन-चार राउंड मारून आलेले आहात, ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या) फोडण्याचे दोन प्रकार, यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे, असं धरूनच लिहितो.

दुकानात आल्यावर बहुतेक जण बंदूक उचलतात, वजन तोलतात, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवतात आणि बोट चापापर्यंत पोचतं का बघतात. नाही पोचलं तर दस्ता लांब, असा निकाल. ही कोपराची मोजणी आजोबांपासून चालत आली आहे, पण तिच्यातून फक्त हाताची लांबी कळते. मान किती उंच, गाल किती भरलेला, खांदा कुठे उतरतो, यातलं काहीच कळत नाही. शॉटगनला रायफलीसारखी मागची साइट नसते. तुमचा डोळा हीच मागची साइट, आणि तो डोळा कुठे बसणार हे दस्त्याच्या वरच्या कडेवर टेकलेला गाल ठरवतो. लांबी हा त्यातला एक भाग, आणि तोही पहिला नव्हे.

सुतारी मापात सांगतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळ्यापासून नळीच्या टोकावरच्या माशीपर्यंत (नेम धरायच्या मण्यापर्यंत) साधारण एक यार्ड अंतर असतं. डोळा अर्धा सूत वर गेला, तर १६ यार्डांवर मारा एक इंच वर जातो. एक सूत वर गेला, तर ३५ मीटरवर जवळजवळ १२ सेंटिमीटर. क्लेचा व्यासच मुळी ११ सेंटिमीटर. म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या फरकानं छऱ्यांच्या झुबक्याचा मध्य आख्ख्या क्लेच्या वरून निघून जातो. क्ले फुटेलही, पण कडेच्या दोन छऱ्यांनी दोन तुकडे, धूर नाही. मग आपण म्हणतो, आज हात बसला नाही.

आता सुतारानं काय केलं ते बघा. दस्त्याची वरची कड बहुधा मागच्या बाजूला उतरती असते. दस्ता इंचभर आखूड झाला की गाल पुढे सरकतो, पुढे कड उंच असते, डोळा वर जातो आणि बंदूक वर मारू लागते. कापलं मागून, बिघडलं वर. शिवाय मागचा काप नळीशी कोणत्या कोनात आहे यावर बंदूक खांद्यात नीट रुतते की बगलेकडे घसरते हे ठरतं, आणि सुतार काप काटकोनात मारून मोकळा होतो. त्यात दोष त्याचा नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. कापलेल्या जागी अक्रोडाचे उघडे तंतू राहतात, त्यांना तेल किंवा वॉर्निश लावायचं कुणाच्या लक्षात येत नाही आणि आपल्याकडचा एक पावसाळा गेला की रबरी पॅडखालचं लाकूड फुगतं.

मागच्या हिवाळ्यात एक काका असेच आले. निवृत्त, हौशी, बंदूक उत्तम. ऑगस्टमध्ये पातळ शर्टावर लांबी ठरवून त्यांनी उलट दस्ता लांब करून घेतला होता. जानेवारीत स्वेटर, त्यावर शूटिंगचं जाकीट, आणि पॅड दर वेळी बगलेत अडकायचं. त्यांचं काम दहा मिनिटांत झालं, कारण लाकूड वाढवलेलं होतं. कमी केलेलं असतं तर जोड द्यावा लागला असता, आणि अक्रोडाच्या रेषा जुळवून दिलेला जोडही जोडच दिसतो.

म्हणून आमची पद्धत अशी आहे. आमच्याकडे एक ट्राय-गन आहे, सगळीकडून हलणाऱ्या दस्त्याची, आणि तिच्यातून गोळी सुटत नाही. तुमचा डोळा कुठे बसतो हे बघायला समोरून नळीच्या रेषेत उभं राहावं लागतं, आणि खरी बंदूक रिकामी असली, उघडून दाखवलेली असली, तरी आम्ही तिच्या तोंडासमोर उभे राहत नाही. काही जणांना ही नाटकं वाटतात. वाटू देत.

ट्राय-गनवर तुम्ही डोळे मिटून ती खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. दोन माश्यांची बंदूक असेल तर मधली आणि पुढची मिळून इंग्रजी आठासारखं काहीतरी दिसलं पाहिजे. ट्रॅपसाठी नळीवरची पट्टी थोडी जास्त दिसलेली चालते, कारण तिथे क्ले वर चढत असतो आणि बंदूक जरा वर मारणारीच हवी असते. मान वाकवून, गाल दाबून आठ जुळवू नका. दुकानात तो जुळतो, रेंजवर सतराव्या क्लेला मान दुखायला लागते.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. त्या दिवशी आम्ही काहीही कापत नाही. स्पेसर, म्हणजे पॅडखालची पातळ चकती, लावून देतो. तुम्ही दोन-अडीचशे काडतुसं मारा, १६ यार्डांवर मोठ्या कागदावर न रेंगाळता चार-पाच बार टाका, तो कागद घेऊन या, मग करवत. “दुसरीकडे तासाभरात कापून देतात” हे आम्ही ऐकून आहोत. त्यांच्याकडून कापून आलेले दस्तेही आमच्याकडेच येतात. बंदूक आमच्याकडून घेतली असेल तर या दोन्ही खेपांचे पैसे नाहीत. बाहेरून आणली असेल तर मजुरी पडेल, पण ती नव्या दस्त्यापेक्षा पुष्कळ कमी.

एक चाचणी मात्र घरीच करून या. दोन्ही हात पुढे ताणून पंज्यांमध्ये छोटं भोक ठेवा, त्यातून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ दिसत राहील तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या खांद्यावरून मारणारा आणि मुख्य डोळा डावा, अशी माणसं दर महिन्याला भेटतात. त्यांनी दस्ता कितीही घासला तरी उपयोग नाही. एक तर डाव्या खांद्यावर जा, नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी चिकटपट्टी लावा. हे आधी कळलेलं बरं, कारण दस्त्याचा बाक उजव्या-डाव्याप्रमाणे वेगळा असतो.

नळीबद्दल थोडक्यात. स्कीट करणार असाल तर २८ इंच, ट्रॅपच करणार असाल तर ३० किंवा ३२, आणि रविवारी जे मिळेल ते मारायचं असेल तर ३० घेऊन मोकळे व्हा. चोक (नळीच्या तोंडात बसणारं, छऱ्यांचा झुबका आवळणारं नळकांडं) बदलता येणारे घ्या. फक्त चोक न लावता बार काढू नका, आटे जातात. आधी खालची नळी उडवा. तिचा धक्का खांद्यात सरळ येतो, तोंड कमी उसळतं आणि दुसऱ्या बाराला तुम्ही जागेवर असता. खरं तर ओव्हर-अंडर घेण्याचं निम्मं कारण हेच.

मुलीसाठी बंदूक बघायला येणारे वडील आता बरेच दिसतात. भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीतल्या मनीषा कीरनं २०१८ साली ज्युनियर विश्वस्पर्धेत ट्रॅपचं रौप्य आणलं, त्याचाही यात वाटा असावा. पण हे वडील हमखास म्हणतात, “हलकी दाखवा.” हलकी बंदूक उचलायला सोपी आणि मारायला वाईट. काडतूस तेच, धक्का जास्त. स्पर्धेत २४ ग्रॅमच्या वर छरे चालत नाहीत, सरावालाही तेच वापरा. साडेतीन किलोच्या बंदुकीतून ते सहज पेलतं. दस्ता आखूड लागेल, तो आम्ही बघू. परवान्याला वय २१ लागतं, हे लक्षात असू द्या.

आपल्या जुन्या घरांत, विशेषतः होळकरांच्या चाकरीतल्या घराण्यांत, आजोबांची इंग्लिश आडवी दुनळी कपाटात असते. तीच रेंजवर नेण्याचा मोह होतो. तिचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, आधी मोजून घ्या. तसल्या बऱ्याच बंदुकांचं चेंबर अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस आत सहज बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. ते उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं नव्हे. मोजून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.

त्याच बंदुकीचा दुसरा प्रश्न कागदाचा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि वारशानं आलेली त्या दोनांतच मोजली जाते. स्पर्धेतल्या नेमबाजांना वेगळी सवलत आहे, हौशींना नाही. म्हणजे आजोबांची एक, घरच्या रक्षणाची एक, की ओव्हर-अंडरला जागाच उरली नाही. हा हिशेब घरी आधी करा. परवाना पाहिल्याशिवाय आम्ही बयाणा घेत नाही, ओळखीच्या माणसाकडूनही नाही.

वापरलेली बंदूक बाहेर कुठे बघत असाल तर पुढचं लाकूड काढून नळ्या हलवून बघा, सांध्यात खडखड नको. नळ्या उघडायची वरची कळ बंद झाल्यावर मधल्या रेषेच्या जराशी उजवीकडे थांबत असेल तर आयुष्य शिल्लक आहे. डावीकडे गेली असेल तर भावात घासाघीस करा किंवा सोडून द्या.

मापाला शक्यतो सकाळी अकराच्या आत या, दुपारनंतर गर्दीत पाऊण तास निघत नाही. येताना परवाना, रेंजवर घालता तेच जाकीट आणि चष्मा आणा. बंदूक असेल तर उघडून, पेटीत. दस्ता आहे तसा.