छोट्या मिररलेस कॅमेऱ्यांचे फोटो: दाखवणं आणि त्यावर बोलणं

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, पण लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा. त्यातले जे छोटे, जॅकेटच्या खिशात नाहीतर झोळीत सहज मावणारे, त्यांनी काढलेले फोटो एकमेकांना दाखवायचे, बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) कुठली लेन्स कुठली ते सांगायचं आणि मग त्या फोटोवर मोकळेपणानं बोलायचं, असा हा छंद आहे आणि तो २००८ नंतर जगभर पसरला. यात पडलेला माणूस फोटो काढण्यात जेवढा रमतो तेवढाच दुसऱ्यांचे फोटो बघण्यात आणि आपल्या फोटोबद्दल चार शब्द ऐकून घेण्यात रमतो, आणि खरं सांगायचं तर फोटो सुधारतात ते या ऐकून घेण्यानंच.

आरसा काढून टाकल्यानं नेमकं काय झालं ते आधी बघू. डीएसएलआर म्हणजे आरसा असलेल्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे ४५ अंशात तिरका बसवलेला आरसा असतो, तो लेन्समधून आलेला उजेड वर प्रिझमकडे आणि तिथून आपल्या डोळ्याकडे पाठवतो, आणि बटण दाबलं की खटॅक करून वर उचलला जातो. या आरशाला हलायला जागा लागते म्हणून लेन्स सेन्सरपासून (उजेड टिपणाऱ्या चिपपासून) लांब ठेवावी लागते आणि बॉडी जाड होते. आरसाच नसेल तर लेन्स सेन्सरच्या जवळ आणता येते. फोर थर्ड्स नावाच्या जुन्या डीएसएलआर पद्धतीत हे अंतर ३८.६७ मिमी होतं, मायक्रो फोर थर्ड्स या तिच्यावरून निघालेल्या मिररलेस पद्धतीत ते साधारण निम्मं, १९.२५ मिमी झालं, सेन्सर मात्र तोच राहिला, १७.३ बाय १३ मिमीचा. दुसरा फायदा असा की स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसतं ते सेन्सरनं पाहिलेलं असतं, त्यामुळे फोटो काळा येणार की उडणार (पांढराफटक होणार) हे बटण दाबायच्या आधीच कळतं. नवशिक्या माणसाला याचं केवढं सोनं वाटतं ते मी स्वतः अनुभवलंय.

ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स जाहीर केलं आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ आला, पण तो दिसायला छोट्या डीएसएलआरसारखाच होता. लोकांच्या मनात बसला तो जून २००९ मधला ऑलिम्पसचा ई-पी१. योशिहिसा माइतानी यांनी घडवलेला पेन हा अर्ध्या फ्रेमचा (नेहमीच्या एका फोटोच्या जागेत दोन बसवणारा) फिल्म कॅमेरा १९५९ चा, त्याला बरोबर ५० वर्षं झाली आणि तेच नाव, तोच चपटा बाज घेऊन हा डिजिटल पेन आला. पाठोपाठ पॅनासॉनिकचा जीएफ१ आला, बॉडी २८५ ग्रॅम, आणि त्याच्यासोबतची २० मिमी एफ/१.७ ही पॅनकेक म्हणजे चपटी लेन्स फक्त १०० ग्रॅम (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तितकं उजेडाचं भोक मोठं). या एका लेन्सनं किती लोकांना रस्त्यावर उतरवलं असेल! २०१० मध्ये सोनीचे एनईएक्स-३ आणि एनईएक्स-५ आले, २०१२ मध्ये फुजीफिल्मचा एक्स-प्रो१, आणि २०१३ मध्ये पॅनासॉनिकनं जीएम१ काढला जो बॅटरी आणि कार्डासकट २०४ ग्रॅम भरायचा. पुढे मोठ्या सेन्सरचे मिररलेसही आले आणि २०२० साली जगभरच्या कंपन्यांनी डीएसएलआरपेक्षा मिररलेस जास्त पाठवले, पण तो वेगळा विषय.

सुरुवातीच्या त्या दोन-चार वर्षांत फोटो दाखवण्याची एवढी चढाओढ का लागली यामागे एक साधं कारण होतं असं मला वाटतं. छोटा सेन्सर म्हणजे खेळणं, लग्नाच्या फोटोग्राफरकडे असतो तो खरा कॅमेरा, असं सगळे म्हणायचे. मग ज्यानं पैसे घालून ही छोटी बॉडी घेतली त्याला दाखवायचं असायचं की बाबा बघ, हा यातूनच काढलाय. म्हणून फोटोखाली कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं नाव लिहायची सवय लागली ती आजतागायत आहे. हौशी लोकांनी जमून एकमेकांचे फोटो बघणं मात्र अजिबात नवं नाही, मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली होती आणि पुढच्या वर्षी तिचं स्वतःचं जर्नलही सुरू झालं, तेव्हा तर एकेक फोटो म्हणजे रसायनांचा केवढा व्याप असायचा.

फोटोसोबत जी माहिती जाते तिला एक्झिफ म्हणतात. ही पद्धत १९९५ मध्ये जपानमध्ये ठरली. शटर (किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं भोक केवढं होतं), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), लेन्स, तारीख, वेळ हे सगळं कॅमेरा आपोआप फाईलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे चर्चेत "सेटिंग काय होतं?" याला अंदाजपंचे उत्तर द्यावं लागत नाही. मात्र हाच एक्झिफ घात पण करू शकतो. कॅमेरा फोनच्या ॲपला जोडलेला असेल तर त्यात जागेचे आकडे पण येतात, म्हणजे घराच्या गॅलरीतून काढलेला पावसाचा फोटो टाकला की घराचा पत्ता टाकल्यासारखंच झालं, म्हणून फोटो बाहेर पाठवायच्या आधी लोकेशन काढून टाकावं हे बरं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून छोटा होतो आणि एक्झिफही गळून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाईल आहे तशी जाते. रंग फिके का दिसतात हा प्रश्न पण वरचेवर येतो आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी ही रंगांची पद्धत लावलेली असते ती बदलून एसआरजीबी करायची.

सगळ्यात जास्त डोकं कशावर फुटत असेल तर ते इक्विव्हॅलन्सवर, म्हणजे छोट्या सेन्सरवरची लेन्स मोठ्या सेन्सरवरच्या कुठल्या लेन्सएवढी धरायची यावर. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या एका फोटोएवढा) सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी, आणि मायक्रो फोर थर्ड्सचा सुमारे २२५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. २५ मिमी एफ/१.८ लेन्स छोट्या सेन्सरवर लावली की फुल फ्रेमवरच्या ५० मिमी लेन्सएवढं दृश्य दिसतं हे सगळे मान्य करतात. भांडण पुढे आहे. एक्स्पोजरसाठी (फोटो किती उजळ येतो त्यासाठी) ती एफ/१.८ च राहते, शटर स्पीड तोच येतो, पण मागचं जेवढं धूसर होतं ते फुल फ्रेमवर ५० मिमी एफ/३.६ ला होईल तेवढंच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन बाजूचे लोक त्यातली एकेकच धरून रात्र रात्र लिहीत बसतात. मला विचाराल तर हे एकदा नीट समजून घ्यावं, वहीत लिहून ठेवावं आणि परत फोटोकडे वळावं, कारण चेहरा बोलका असेल तर मागची भिंत किती धूसर आहे हे कुणी विचारत नाही.

जुन्या लेन्सांचं प्रकरण याहून कितीतरी गोड आहे. मिररलेसमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यात अंतर कमी, त्यामुळे जुन्या फिल्म कॅमेऱ्याची जवळपास कुठलीही लेन्स मधे एक पोकळ नळीसारखा ॲडाप्टर घालून लावता येते. निकॉनच्या जुन्या लेन्सला ४६.५ मिमी अंतर हवं, मग मायक्रो फोर थर्ड्सवर उरलेले २७ मिमीच्या आसपास ॲडाप्टर भरून काढतो, इतकं सोपं. आजोबांच्या कपाटातली लेन्स, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात हाती लागलेली लेन्स, असं काहीबाही लावून फोटो काढले जातात. फोकस हातानं करायचा, रिंग हळूहळू फिरवत नेली की जिथे शार्प होईल तिथल्या कडांवर लाल रेषा चमकायला लागतात, त्याला फोकस पीकिंग म्हणतात, पापणीवर ती लाल रेघ आली की श्वास धरून बटण दाबायचं. आधी मेनूमध्ये जाऊन लेन्सशिवाय शटर चालू द्या असं सेटिंग करावं लागतं, नाहीतर कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही. आणि अशा फोटोच्या एक्झिफमध्ये लेन्सची जागा रिकामी असते म्हणून ती माहिती हातानं लिहायची, न लिहिली तर पहिलीच कमेंट तीच येते. सोव्हिएत हेलिऑस ४४-२, ५८ मिमी एफ/२, ही यातली सगळ्यांची लाडकी, तिच्या बोकेला (मागच्या धूसरपणाला) भोवऱ्यासारखं गोल फिरणं असतं. पण हा भोवरा चित्राच्या कडांना असतो आणि छोटा सेन्सर फक्त मधला भाग घेतो, त्यामुळे मायक्रो फोर थर्ड्सवर लावल्यावर भोवरा कुठे गेला म्हणून नवे लोक हिरमुसतात, त्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला लागतं.

फुजीवाल्यांची रीत वेगळी. त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म सिम्युलेशन म्हणजे जुन्या फिल्मसारखे रंग देणारं सेटिंग असतं, प्रोव्हिया, वेल्व्हिया, ॲक्रॉस अशी कंपनीच्या जुन्या फिल्मची नावं, शिवाय २०१४ पासून क्लासिक क्रोम. त्यावर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) थोडा लालकडे, थोडा निळ्याकडे सरकवायचा, सावल्या आणि हायलाइट कमीजास्त करायचे, ग्रेन (फिल्मसारखे दाणे) टाकायचा, आणि ही सगळी आकडेमोड पाककृतीसारखी एकमेकांना द्यायची, तिला रेसिपीच म्हणतात. लोणच्याचं प्रमाण विचारावं तसं लोक विचारतात आणि देणारे पण हात आखडता घेत नाहीत. अशा फोटोला एडिट लागत नाही, कॅमेऱ्यातून निघाला तसाच दाखवायचा. फक्त एकाची रेसिपी दुसऱ्याच्या उजेडात तशीच उतरत नाही, परदेशातल्या तिरप्या उन्हासाठी जमवलेली रेसिपी आपल्या मे महिन्याच्या दुपारी लावली की सगळं पिवळंजर्द होतं, म्हणून इथल्या मंडळींनी पावसाळ्यासाठी, दिव्यांच्या उजेडासाठी आपापल्या बदलून घेतल्यात.

बंद पडलेल्या माउंटचे (लेन्स बॉडीला जोडायच्या पद्धतींचे) लोक हा आणखी एक कोपरा. निकॉन १ ही मालिका २०११ मध्ये आली आणि २०१८ मध्ये थांबली, सॅमसंगचे एनएक्सही कधीच गेले, तरी त्यातून फोटो काढणारे आहेत आणि बॅटरी कुठे मिळते, कुठली लेन्स दगा देते हे ते एकमेकांना जपून सांगतात. यांच्या बोलण्यात मला सगळ्यात जास्त माया दिसते.

आता खुद्द फोटोवरची चर्चा कशी असावी ते एका उदाहरणानं सांगतो. पुण्यात मंडईजवळच्या एका चहाच्या टपरीचा पहाटे साडेपाचचा फोटो मी दाखवला होता, जीएफ१, २० मिमी, एफ/१.७, १/६०, आयएसओ ८००. "एक नंबर", "कडक", "भारी" अशा दहा-बारा कमेंट आल्या, बरं वाटलं. मग एका जाणत्या माणसानं लिहिलं, "दादा, वाफ मस्त आलीये कारण ती मागच्या अंधारावर आलीये. पण बल्ब उडालाय, आणि मागे डावीकडे तो दुधाचा पांढरा क्रेट आहे ना, नजर सारखी तिकडे जाते. अर्धं पाऊल उजवीकडे सरकला असतात तर तो बंबाच्या मागे गेला असता." मी फोटो परत उघडून बघितला, आणि खरंच, क्रेट दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. आठ दिवसांनी परत तिथेच, त्याच वेळी गेलो, एक्स्पोजर एक स्टॉप खाली घेतलं (म्हणजे उजेड निम्मा केला), अर्धं पाऊल सरकलो. क्रेट गेला. तेव्हापासून बटण दाबायच्या आधी चारी कडांवरून एकदा नजर फिरवायची सवय लागली ती कायमची. "कंपोझिशन सुधारा" असं कुणी नुसतं लिहिलं असतं तर मला काय कळणार होतं?

महाराष्ट्रात हे सगळं फोनवर आणि रविवार सकाळच्या फोटोवॉकमध्ये जास्त चालतं, कसबा पेठेत नाहीतर तुळशीबागेत दोन तास फिरायचं, मग पोहे-चहा घेताना छोट्या स्क्रीनवर एकमेकांचे फोटो बघायचे. आषाढात वारीचे फोटो येतात आणि तिथे छोटी बॉडी खरी उपयोगी पडते कारण दिवसभर चालायचं असतं, पावसात पटकन छत्रीखाली घेता येते, आणि समोरच्या माऊलींना भलीमोठी लेन्स तोंडासमोर आल्यासारखं वाटत नाही. तरी विचारून काढावा, निदान नजरेनं तरी विचारावं. कॅमेरा छोटा आणि आवाज बंद म्हणजे चोरून काढायची मुभा, असं काही लोक धरून चालतात ते मला पटत नाही. पणजीच्या फोंताईन्हासमध्ये रंगीत घरांसमोर फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीला कंटाळून रहिवाशांना फोटो काढू नका असे फलक लावावे लागले. लहान मुलांचे, आजारी माणसांचे, भीक मागणाऱ्यांचे फोटो टाकले की चर्चेत हल्ली पहिला प्रश्न परवानगीचाच येतो, आणि यायलाच हवा.

प्रिंटबद्दल थोडं. मायक्रो फोर थर्ड्सचा फोटो ४:३ असतो, स्टुडिओतला नेहमीचा ४ बाय ६ इंचाचा कागद ३:२, म्हणून वरखाली कापलं जातं आणि कुणाच्या तरी डोक्याची वाट लागते. ६ बाय ८ किंवा ९ बाय १२ सांगितलं तर पूर्ण बसतो. जीएफ१ ची फाईल ४००० बाय ३००० पिक्सेलची, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती १३ बाय १० इंचापर्यंत आरामात जाते. टपरीचा दुसरा फोटो मी ९ बाय १२ काढून टपरीवाल्या काकांना नेऊन दिला, स्क्रीनवर दिसणारा नॉइज (दाणेदारपणा) कागदावर जवळजवळ दिसतच नाही, आणि त्यांनी तो बंबामागच्या फळीवर, वाफ लागणार नाही अशा बाजूला टेकवून ठेवलाय.