पाणंद आणि उघडं बेडं: कॉपीराइट संपलेलं काम आणि मुक्त परवान्याचं काम

नेटवर फुकट सापडलेल्या चित्राला, कवितेला, गाण्याला सरसकट ‘कॉपीराइट-फ्री’ म्हणायची सवय आहे. त्यात दोन गोष्टींची खिचडी होते. कॉपीराइट संपलेलं काम म्हणजे गावची पाणंद, तिथून जायला कुणाला विचारायचं नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे कर्त्याने ठरलेल्या अटींवर सगळ्यांना आधीच दिलेला वापराचा परवाना. त्या परवान्याचं काम म्हणजे मालकाने बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, उघडं ठेवलेली वाडी. खुशाल जा, पण त्याच्या अटींवर.

पाणंदीचा हिशेब कायदा करतो. भारतात लेखक वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ला मोकळं झालं. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले, तिथे प्रश्नच नाही. आरती प्रभू १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबायचं. तोवर त्यांची अख्खी कविता पोस्टरवर छापून खाली नाव लिहिलं, तरी ती परवानगी होत नाही. आणि केशवसुतांची कविता मोकळी असली, तरी तिला आज कुणी लावलेली चाल आणि त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मोकळं नसतं.

सगळ्यात जास्त फसगत दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रेतल्या लोकनाट्यात होते. आख्यान पुराणातलं, मग जत्रेतला प्रयोग मोबाइलवर घेऊन चॅनेलवर टाकायला काय हरकत? कथा पाणंदीची आहे, प्रयोग नाही. संवाद कलाकार रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात, आणि सादरीकरणाचा हक्क कायद्याने त्यांना वेगळा दिलेला आहे. तो प्रयोगानंतरच्या वर्षापासून ५० वर्षं चालतो. राजा, स्त्रीपार्टी, पेटीवाला, मृदंगवाला, सगळेच त्यात येतात. मंडळाच्या मालकाने मान हलवली म्हणजे सगळ्यांची संमती मिळाली असं नाही. चित्रीकरणाआधी प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि त्यात कुठे दाखवणार, कमाईत वाटा किती, हे लिहा.

वाडीच्या अटी चार चिन्हांत असतात. बीवाय: श्रेय द्या. एनसी: धंद्यासाठी नको. एनडी: बदललेलं पसरवू नका. एसए: बदललंत तर त्याच परवान्याने द्या. होमस्टेच्या जाहिरातीत एनसी फोटो चालत नाही. एनडी गाणं किनाऱ्याच्या ड्रोन-दृश्याखाली लावलं, की चित्राशी जुळवणं हाच बदल धरला जातो, गाण्याचा एक सूरही कापला नसला तरी. एसए गाणं लावलंत, तर अख्खा व्हिडिओ एसएखाली द्यावा लागतो. श्रेयात शीर्षक, कर्त्याचं नाव, मूळ दुवा, परवान्याचं नाव व दुवा आणि केलेले बदल लिहा. नुसतं ‘साभार: इंटरनेट’ म्हणजे काहीच नाही. अट मोडली की परवाना आपोआप संपतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो परत मिळतो.

देणाऱ्यानेही घाई करू नये. पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची परंपरा सगळ्यांची असली, तरी आज काढलेलं चित्र त्या चित्रकाराचं असतं. ते एकदा परवान्यावर दिलं, की ज्यांना मिळालं त्यांच्याकडून परत घेता येत नाही. लहान आकाराची प्रत परवान्यावर द्यायची आणि मोठी विकायची, ही युक्ती हमखास चालत नाही, कारण कायद्याच्या नजरेत दोन्ही एकच कृती ठरू शकते. यूट्यूबवर परवान्याच्या रकान्यात क्रिएटिव्ह कॉमन्सचा एकच पर्याय आहे: बीवाय. तो निवडला म्हणजे दुसऱ्याने तुमचा व्हिडिओ कापून त्यावर पैसे कमावायलाही तुम्ही हो म्हणालात.

बेडं मालकानेच उघडलंय ना, हेही बघावं. दुसऱ्याचा फोटो उचलून त्यावर बीवाय चिकटवणारे कमी नाहीत, आणि असा परवाना पोकळ. वापरण्याआधी शोधयंत्रात चित्रच टाकून ते आणखी कुठे आहे ते शोधा आणि मूळ पान गाठा, परवाना दिसत असलेल्या त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. पुढे पान बदललं किंवा उडालं, तर दाखवायला तेवढंच हाती असतं.