सत्तरचा बोअर चौऱ्याऐंशी केला तर?

ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या भागातल्या लेथवाल्यांना जुन्या बुलेटचा बिडाचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, नवा नाही. झिजलेला ब्लॉक आणायचा, बोअर मारून (भोक किंचित मोठं करून) घ्यायचा, ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापाहून थोडा मोठा पिस्टन टाकायचा, हे नेहमीचंच काम. पण गाडीवर जीव असलेल्या मालकाच्या मनात एक विचार येतोच: बोअर वाढवायचाच आहे, तर सरळ पाचशे सीसी बुलेटचा ब्लॉक का चढवू नये?

आकडे मोह पाडणारेच आहेत. जुन्या साडेतीनशे बुलेटचा बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९०. पाचशेचा स्ट्रोकही ९०च, बोअर मात्र ८४. आकारमान व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. त्यामुळे बोअर २० टक्क्यांनी वाढला की ३४६ सीसीचे ४९९ होतात, म्हणजे ४४ टक्के वाढ. उलट, पूर्ण एक मिलिमीटर ओव्हरसाइझ केलं तरी जेमतेम १० सीसी वाढतात. ओव्हरसाइझ पिस्टनने गाडी ‘पळायला लागली’ असं वाटतं, ते झिजेमुळे गेलेलं कॉम्प्रेशन परत आल्यामुळे.

ही झीज जवळून बघण्यासारखी असते. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढून सिलिंडरच्या वरच्या काठाखाली नख फिरवलं, तर एक बारीक कंगोरा लागतो. तिथपर्यंत पिस्टनची वरची रिंग पोहोचते आणि क्षणभर थांबून उलटी फिरते. रिंग थांबली की तिच्याखालचा तेलाचा पातळ थर तुटतो, आणि नेमकी तिथेच उष्णता नि दाब सर्वांत जास्त. शिवाय पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन पुढच्या-मागच्या भिंतींवर रेलतो, म्हणून भोक गोल न राहता लंबगोल होतं. चांगला कारागीर व्यास मोजणारा बोअर गेज वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी लावतो, तो यासाठीच.

आता पाचशेच्या ब्लॉककडे येऊ. कंपनीच्या साडेतीनशेची ताकद १८ बीएचपी, तर त्याच काळातल्या पाचशेची २२. आकारमान ४४ टक्के वाढलं, ताकद मात्र २२ टक्केच. इंजिनाची ताकद ते दर मिनिटाला किती हवा आत घेऊ शकतं यावर ठरते, आणि ते कार्ब्युरेटर, व्हॉल्व्ह नि ते उघडणाऱ्या कॅमच्या हातात असतं. खालच्या आरपीएमला ओढ नक्की वाढते, डबलसीट गायमुखचा चढ चढताना ती जाणवेलही. वरच्या आरपीएमला मात्र जुन्या वाटांनी इंजिनाला श्वास पुरत नाही.

खरा धोका कॉम्प्रेशनचा आहे. साडेतीनशेचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, ६.५ धरला, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर साधारण ६३ सीसी जागा उरते. हेडमधली जागा तेवढीच ठेवून खाली ४९९ सीसी बसवले, तर रेशो जवळपास ९ वर जातो. जुन्या हेडसाठी हा फार आहे. मिश्रण अवेळी पेट घेतं, इंजिन नॉकिंग करतं आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. म्हणून हेड आणि पिस्टन जोडीनेच बदलायला हवेत.

दाब तेवढाच राहिला तरी पिस्टनचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलेलं असतं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बिग एंड बेअरिंगवरचा धक्काही तेवढाच वाढतो. पिस्टन जड झाल्याने क्रँकचा तोल बिघडतो आणि हँडल हाताला मुंग्या आणतं. मोठ्या ब्लॉकची खालची कड बसावी म्हणून क्रँक ज्यात बसतो त्या क्रँककेसचं तोंड कापावं लागलं, तर तिथलं अ‍ॅल्युमिनियम पातळ होतं. माझ्या मते या कामातली हीच सर्वांत वाईट गोष्ट, कारण कापलेली केस मूळपदावर येत नाही.

शिवाय उष्णता. जास्त पेट्रोल जळणार, म्हणजे जास्त उष्णता बाहेर टाकावी लागणार. हवेवर थंड होणारं इंजिन माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की फिन्सना (सिलिंडरवरच्या पात्यांना) वाराच मिळत नाही. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकच्या साधारण दुप्पट वेगाने फुगतो. व्यास जितका मोठा, तितका हा फरक मोठा. त्यामुळे पिस्टन आणि भिंतीतली साडेतीनशेची फट पाचशेला ठेवली, तर पिस्टन सीझ व्हायला (अडकून बसायला) वेळ लागत नाही.

कायद्याचंही बघायला हवं. आरसीवर सीसी नोंदलेली असते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परस्पर बदल करू देत नाही. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यांतही गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत.

त्यामुळे जुन्या गाडीला मी तरी पाचशेचा ब्लॉक चढवणार नाही. झीज मोजावी आणि ती निघेल एवढाच पुढचा ओव्हरसाइझ घ्यावा. सगळे ओव्हरसाइझ संपले तरी मूळ ब्लॉक भंगारात देऊ नये. त्यात नवा लायनर, म्हणजे आतली नळी, बसवून बोअर पुन्हा ७० मिलिमीटरवर आणता येतो.