बाळंतघरातले जुने मराठी शब्द (ठाणे आणि नवी मुंबई)

मूल पोटात असल्यापासून ते धावायला लागेपर्यंत आईबापांवर जे काही गुदरतं त्या सगळ्याला मराठीत नेमके, जुने आणि आता बरेचसे मागे पडलेले शब्द आहेत, ही नोंद त्या शब्दांची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (1932 ते 1938) यातले बरेच सापडतात, आणि ठाण्यात तर 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, म्हणजे शब्द हरवलेत असं काही नाही, फक्त ते घरात बोलायला माणूस लागतं. ते माणूस म्हणजे बहुतेक वेळा बाळंतपणासाठी गावाहून आलेली आजी, नाहीतर सकाळी बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा नेरूळच्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये हे शब्द या दोघींच्या तोंडूनच आत येतात.

रडण्याचे प्रकार

नव्या आईबापांकडे याला एकच शब्द असतो, रडणं, आणि तो दुसऱ्या आठवड्यापासूनच पुरेनासा होतो. मराठीत याची अख्खी उतरंड आहे. सगळ्यात खाली किरकिर. आवाज फार नसतो, कारण सापडत नाही, दूध पाजून झालंय, बाळोतं कोरडं आहे, तरी चालूच, आणि वेळ ठरलेली, तिन्हीसांजेची, म्हणजे बाप ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून नुकताच सुटून घरात पाय ठेवतो ती. डॉक्टर लोक याच्या जोरदार प्रकाराला कॉलिक म्हणतात, 1954 साली वेसल या अमेरिकी डॉक्टरने त्याचं माप ठरवून दिलं, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त आणि आठवड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त. ते साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं आणि तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतं. हे वाक्य कोणीतरी आईबापांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं, कारण सहाव्या आठवड्यात रात्री दोन वाजता घरातल्या प्रत्येकाला वाटत असतं की चूक आपलीच आहे.

किरकिरीच्या वर टाहो. तो फोडतात. टाहो भुकेचा किंवा दुखण्याचा असतो, त्यात खोटेपणा नसतो, आणि तो पहिल्या मजल्यावरून सातव्या मजल्यावर पोचतो. भोकाड मात्र वेगळं, ते पसरतात, आणि त्याला थोडं वय लागतं, आपल्याला कोणीतरी बघतंय हे कळायला लागलं की मगच मूल भोकाड पसरू शकतं. त्याची बैठक म्हणजे फतकल. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानासमोर चकचकीत फरशीवर दोन्ही पाय पसरून, चपला दोन दिशांना, बूड एकदम जमिनीला टेकवून जे बसतात ते फतकल मारणं, आणि तशा अवस्थेतलं पोर उचलून बघितलेल्या कोणालाही विचारा, त्याचं वजन अचानक दुप्पट कसं होतं ते. मग आक्रस्ताळेपणा, हातपाय झाडत. त्यानंतर फुरंगटणं, जे पूर्ण शांत असतं, ओठ पुढे, मान खाली, कोणाकडे बघायचं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड हेच कारण यात समजूत घालायला काही धरायलाच मिळत नाही. शेवटी मुसमुसणं. आणि झोपल्यावरही मधूनच छाती उडवून येणारा तो एक हुंदका, तो आला की आईबापांचा दिवसभराचा सगळा राग जातो.

झोप

जन्मलेलं बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोनचार तासांच्या तुकड्यांत, त्यामुळे घरातल्या मोठ्यांच्या वाट्याला येते ती झोपमोड. इथला सगळ्यात उपयोगी शब्द म्हणजे चाळवणं. बाळ उठलेलं नाही, झोपलेलंही नाही, नाक चोळतंय, मान इकडून तिकडे करतंय, तेव्हा आजी दबक्या आवाजात म्हणते "चाळवलंय गं, हात लावू नकोस, थोपट नुसतं". हे कळलं तर अर्धी रात्र वाचते कारण पुष्कळदा चाळवलेलं बाळ आपलं आपण परत झोपतं आणि आपणच घाईने उचलून त्याला उठवतो. साखरझोप म्हणजे पहाटेची गोड झोप, ती या घरांत फक्त बाळाला मिळते आणि तीही रात्रभर जागून झाल्यावर.

दूध

पान्हा हा शब्द गाईलाही चालतो आणि आईलाही. बाळ ओढायला लागलं किंवा नुसतं रडलं तरी ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध उतरतं, तो पान्हा फुटणं. दूध तयार होण्यामागे प्रोलॅक्टिन असतं, ते वेगळं. बाळंतपणाची रजा संपवून ऐरोलीच्या ऑफिसला जायला लागलेल्या आईला लेडीज डब्यात दुसऱ्याच कोणाचं तान्हं रडलं तरी पान्हा फुटतो आणि ओढणी पुढे घ्यावी लागते, डब्यातल्या इतर आया काही न विचारता सरकून जागा करून देतात. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली (पहिल्या दोन मुलांसाठी), म्हणजे साधारण सहा महिने, आणि नुसतं आईचं दूध द्यायचं असं डॉक्टर सांगतात तेही सहाच महिने. मात्र बाळंतपणाआधीच काही आठवडे रजा घेतली असेल तर हे गणित बसत नाही. आईच्या दुधाला अंगावरचं आणि बाकी सगळ्या दुधाला वरचं दूध म्हणतात. वरचं दूध पूर्वी बोंडल्याने पाजायचे, चोच असलेलं छोटंसं भांडं, चांदीचं नाहीतर पितळेचं. बोंडलं अजून बऱ्याच घरांत कपाटात आहे, आता त्यातून औषध पाजतात.

न्हाणं आणि गुटी

मावशी येतात, पाटावर बसतात, पाय लांब करतात, बाळाला नडग्यांवर पालथं टाकतात आणि कोमट पाण्याचे तांबे सुरू. यासाठी साडेतीन-चार फूट मोकळी फरशी लागते आणि नव्या टॉवरमधल्या बाथरूममध्ये काचेच्या पार्टिशनमुळे ती नसते, त्यामुळे कितीतरी घरांत बाळाची अंघोळ ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी होते. मावशींचे पाय दाराबाहेर आलेले असतात, बाळ ओरडत असतं, आई दारात टॉवेल घेऊन उभी आणि आजी मागून सूचना देतेय. मग धुरी, ओवा आणि वेखंडाची. निखारा कुठून आणणार, पाइपचा गॅस आहे, म्हणून नारळाची करवंटी गॅसवर पेटवतात. धूर बाळाच्या छातीला चांगला नाही हे बालरोगतज्ज्ञ स्पष्ट सांगतात आणि मी त्यांच्या बाजूने आहे, धुरी हा शब्द ठेवावा, धूर नको.

गुटीचंही तसंच. हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हिरडा, खारीक, बदाम, एकेक सहाणेवर उगाळायचं आणि किती तर वेढ्यांनी मोजायचं, जायफळ एक वेढा, बदाम चारपाच, घरोघरी वेगळं. वेढा हे फार सुंदर माप आहे, मनगटाचा एक गोल फिरवणं. पण सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा द्यायचं नसतं आणि वर्षाच्या आत मध तर अजिबातच नाही, त्यात बोटुलिझमचा धोका असतो, तेव्हा चाटण मधातून द्या म्हणणाऱ्या आजीला प्रेमाने पण ठामपणे अडवायचं.

कपडे आणि गाडी

बाळोती म्हणजे जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे चौकोन. ठाण्यात जुलैमध्ये ती वाळत नाहीत हाच डायपरच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा. लाळेरं गळ्यात बांधायचं, दात येताना ओलं होतं. कुंची म्हणजे टोपी आणि तिलाच पाठीवर सोडलेली झूल, बारशाच्या फोटोपुरती घालतात आणि नवी मुंबईच्या उकाड्यात तेवढंच बरं.

पांगुळगाडा लाकडी, तीन चाकांचा, मूल त्याला धरून उभं राहतं आणि ढकलतं. हल्लीचा बसायचा वॉकर आणि तो एक नव्हे, वॉकरमध्ये मूल लटकतं, जिन्यापर्यंत सुसाट जातं, आणि कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. घेणारच असाल तर पांगुळगाडा घ्या.

बापाचे शब्द

इथे मात्र कोश हात आखडता घेतो. बाळंतीण, लेकुरवाळी, पान्हा, डोहाळे, सगळं आईचं. बापासाठी खास असं फारसं काही नाही आणि हे मला खरंच खटकतं, कारण वाशीच्या मिनी सीशोअरला किंवा ठाण्याच्या तलावपाळीला संध्याकाळी बघा, निम्मी पोरं बापाच्या कडेवर असतात. कडेवर, पाठुंगळी, खांद्यावर, हे शब्द त्याने वापरून वापरून आपलेसे केलेत. ढेकर काढण्यात पुष्कळ बाप आयांपेक्षा तरबेज असतात, छाती रुंद, हात मोठा, आणि रात्री साडेतीनला हॉलमध्ये फेऱ्या मारायला दुसरं कोणी तयार नसतं.

पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण, हे रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सतरंजीवर बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाची पेरं, हरभऱ्याचे घाटे, आता त्यात चॉकलेटंही, आणि बाकीची पोरं ते लुटतात. मराठी, गुजराती, मल्याळी, सगळ्या मजल्यांवरची पोरं खाली येतात आणि घाटे म्हणजे काय ते त्यांना तिथेच कळतं. बोरं आणि चणे मात्र चार वर्षांखालच्या मुलांच्या मुठीतून लगेच काढून घ्यायचे, घशात अडकतात, आणि हे काम बहुतेक सोसायट्यांत बापांकडे दिलेलं असतं.