चुन्याची चकती पेशीच्या आत

ओहोटीला खडकावरचं कालव कोयतीने फोडलं की शिंपल्याच्या कडेला एक पातळ, कच्चा थर दिसतो. नखाने दाबला तर मोडतो. हा थर कालवाच्या अंगाबाहेर साचत जातो. जीव आत, चुना बाहेर. कोकणात असेच शिंपले भट्टीत भाजून चुना करत आले, त्यामुळे समुद्रातला चुना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिंपलेच येतात. पण याच अरबी समुद्रात चुना करणारा आणखी एक जीव आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. कॉकोलिथोफोर हे एकपेशीय वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारा वनस्पतीसारखा सूक्ष्म जीव. त्याच्या अंगावर कॅल्साइटच्या, म्हणजे चुन्याच्या स्फटिकांच्या, नक्षीदार चकत्या असतात. त्यांना कॉकोलिथ म्हणतात. अनेक जातींमध्ये, सर्वांत जास्त अभ्यासलेल्या एमिलियानिया हक्स्लेयीतसुद्धा, या चकत्या पेशीच्या आत घडतात आणि मग बाहेर येतात. एवढं खात्रीने सांगता यायला सव्वाशे वर्षं गेली.

चकत्या पहिल्यांदा दिसल्या त्या पाण्यात नव्हे, दगडात. 1836 साली जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावरचा खडूचा खडक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लंबगोल चपट्या चकत्या होत्या. त्यांनी त्या निर्जीव ठरवल्या, खनिजाचे आपोआप बनलेले आकार. 1857 मध्ये ‘सायक्लॉप्स’ या ब्रिटिश जहाजाने तारायंत्राची केबल टाकण्यासाठी अटलांटिकचा तळ मोजला. वर आलेला गाळ ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ले यांच्याकडे गेला. त्यांना तशाच चकत्या दिसल्या आणि 1858 मध्ये त्यांनीच कॉकोलिथ हे नाव दिलं. पण चकत्या सौम्य आम्लात पटकन विरघळतात, म्हणजे त्या सजीवाच्या असणार नाहीत, असं त्यांचं मत पडलं. शिंपलाही आम्लात विरघळतो आणि तो सजीवाचाच असतो, हे कालवं काढणाऱ्या कुठल्याही बाईने त्यांना सांगितलं असतं.

गाठ सुटायला लागली ती कोलकात्यात जन्मलेल्या एका डॉक्टरमुळे. जॉर्ज वॉलिक हिंदुस्थानातल्या लष्करी सेवेत होते. 1860 च्या ‘बुलडॉग’ जहाजाच्या सफरीत त्यांना सुट्या चकत्यांबरोबर चकत्यांनी मढलेले अख्खे गोल सापडले. त्याच सुमारास ब्रिटिश भूशास्त्रज्ञ सॉर्बी यांनीही दाखवलं, की चकत्या बशीसारख्या एका बाजूने खोलगट असतात आणि एकाच गोलावर बसतात. म्हणजे हे कोणाचं तरी अंगावरचं आवरण होतं. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, पण त्या काळी वॉलिक यांच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही.

मध्ये एक आडवाट झाली. 1868 मध्ये हक्स्ले यांना जुन्या, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या गाळात बुळबुळीत पदार्थ दिसला. तो समुद्रतळाचा आदिजीव आणि चकत्या त्याचाच भाग, असं त्यांनी जाहीर केलं. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश समुद्रसंशोधन मोहिमेतले रसायनशास्त्रज्ञ ब्युकॅनन यांनी दाखवलं, की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल मिसळलं की कॅल्शिअम सल्फेटचा असाच साका बसतो. 1875 मध्ये हक्स्ले यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली. त्याच मोहिमेत हे गोल समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्यातही मिळाले. 1902 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लोमान यांनी या जीवांचं पद्धतशीर वर्गीकरण केलं. आपण ज्याला हक्स्लेयी म्हणतो ती जात त्यातलीच.

तरी चकती बनते कशी, हा प्रश्न उरलाच. पेशी पाच-सहा मायक्रोमीटरची (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), चकती तिच्याहूनही लहान. साध्या सूक्ष्मदर्शकाची ताकद तिथे संपते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर 1963 मध्ये विल्बर आणि वाताबे या संशोधकांनी पेशीचे पातळ काप पाहिले. केंद्रकाला टेकून एक चपटी पिशवी होती आणि तिच्यात अर्धवट झालेली चकती. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ आयरीन मँटन आणि इतरांच्या कामातून या पिशवीचं नातं गॉल्जी यंत्रणेशी जुळलं. प्रथिनांवर शेवटचा हात फिरवून, शर्करांच्या साखळ्या जोडून पुड्या बांधणारा हा पेशीचा कारखाना इथे चुनाही घडवतो. पिशवीत आधी एक सेंद्रिय पातळ चकती बसते. तिच्या काठावर कॅल्साइटचे बारीक स्फटिक कड्यासारखे उगवतात, एक उभा, एक आडवा, पुन्हा उभा. आम्लधर्मी शर्करांच्या साखळ्या त्यांना वळण लावतात. चकती पुरी झाली की पिशवी पेशीपटलाला जाऊन चिकटते आणि चकती बाहेर सरकते.

हे सोपं मुळीच नाही. पेशीरसात मोकळं कॅल्शिअम समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे एक लाख पट कमी असतं आणि ते वाढलं तर पेशी मरते. म्हणून सगळा माल बंद पिशव्यांतूनच न्यावा लागतो. शिवाय पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटपासून चुन्याचा एक रेणू झाला की एक प्रोटॉन सुटतो, म्हणजे आम्ल. ते साचलं तर आतलीच चकती विरघळेल. 2011 मध्ये या पेशींच्या पटलात प्रोटॉन बाहेर सोडणारी, विद्युतदाबावर उघडणारी दारं सापडली. प्रोटॉन आतून बाहेर जातात ते उतारावरून पाणी वाहावं तसे. हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळून समुद्र आम्लाकडे झुकतो, तसा हा उतार कमी होतो. समुद्राच्या आम्लीकरणाची चर्चा या जीवापाशी सारखी का येते, त्याचं एक कारण या दारांत आहे.

आपल्या बाजूची नोंदही आहे. 1986 पासून गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर अरबी समुद्रात खोलवर गाळ झेलणारे सापळे सोडले. वरून खाली पडणाऱ्या मालाची सर्वांत मोठी रास नैऋत्य मोसमी पावसात मिळाली. वारा पाणी ढवळतो, खालची पोषकद्रव्यं वर येतात, प्लवक वाढतं. सुटी चकती इतकी हलकी, की तळाला जायला तिला फार काळ लागेल. पण कोळंबीच्या कुळातले बारीक जीव ती पेशी खातात आणि त्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांत बांधलेल्या चकत्या काही दिवसांत खाली जातात. आपल्या होड्या झापांखाली शाकारून किनाऱ्यावर पडलेल्या असतात, त्याच दिवसांत.